माळढोकाची मान

सोलापूर,
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

महेश्वर,

पाकिटावरचा पत्ता गुलनाजनं लिहिलाय. माझं अक्षर दिसलं तर तू पाकीट न फोडताच टाकून देशील अशी भीती होती. आता फोडलंच आहेस तर हे एक पत्र वाच, मग काय ते कर. फोन मी करून बघितले. माझं नाव दिसलं की तो तुझ्या खिशातच वाजत राहतो, हे मला कळत नाही असं नाही.

आधी बातमी. माळढोकाला बक्षीस मिळालंय.

आपल्या नान्नजच्या माळावरचा माळढोक, वॉल हँगिंगवरचा, एक पाय पुढे टाकून मान वर केलेला. त्याच्या डोळ्याची कार्डं पंच करताना तू म्हणाला होतास की हे पाखरू आपल्या शाळेतल्या हेडमास्तरांसारखं बघतं. गुलनाजनं गेल्या जुलैत त्याचे फोटो काढून पुण्याच्या वस्त्रनक्षी न्यासाकडे पाठवले होते. मी विसरूनही गेलो होतो. शुक्रवारी त्यांचा मेल आला. गुलनाज आता कॉलेजच्या ऑफिसात कामाला आहे, तिथूनच तिनं फोन केला आणि विचारलं, अब्बा, बसलायत का उभे आहात. मी उभा होतो. मग बसलो.

समारंभ पुण्यात आहे, नऊ मार्चला. पण त्याआधी बक्षीस स्वीकारत असल्याचा रीतसर मेल पाठवायचा आहे, आणि तो चौदा फेब्रुवारीला, शुक्रवारी, संध्याकाळी पाचच्या आत पोचला पाहिजे. नाही पोचला तर बक्षीस दुसऱ्या नंबरच्या माणसाला जाईल, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. शिवाय माळढोकाची मूळ कार्डं त्यांना समारंभात मांडायची आहेत. ती मिळणार की नाही, हेही त्याच मेलमध्ये कळवायचं आहे. न्यासातल्या एका मुलीनं फोन करून विचारलं की कार्डं म्हणजे नक्की काय. मी तिला सांगितलं, एक माणूस चौकटीच्या कागदावर चित्र काढतो, त्याला आम्ही ग्राफ म्हणतो. दुसरा माणूस त्या ग्राफची एकेक ओळ वाचून एकेका पुठ्ठ्यावर भोकं पाडतो, ती कार्डं. कार्डांची माळ ओवून मागावर चढवली की माग ती वाचत जातो आणि चित्र विणलं जातं. ती म्हणाली, म्हणजे दोन माणसं. मी म्हटलं, हो.

ग्राफ माझ्याकडे आहे. कार्डं तुझ्याकडे आहेत. कारखान्यातून निघालास त्या दिवशी तू ती पोत्यात भरून सायकलला बांधून नेलीस, मी जिन्यातून बघत होतो.

मेलचा कच्चा मसुदा मी असा केलाय:

"मा. सचिव, वस्त्रनक्षी न्यास, पुणे. सविनय नमस्कार. आपले ३१ जानेवारीचे पत्र मिळाले. आपण जाहीर केलेला पुरस्कार मी कृतज्ञतापूर्वक स्वीकारत आहे. समारंभाचे ठिकाण व वेळ, तसेच सोबत किती जणांना येता येईल, हे कृपया कळवावे. त्या दिवसांत रमजान असल्याने कार्यक्रम किती वाजता संपेल हेही कळल्यास उपकार होतील. कार्डांबाबत दोन दिवसांत कळवतो."

तुझी शबानावहिनी म्हणते, एवढ्या वेळात दोन चादरींचे ग्राफ झाले असते. तिचं खरं आहे. "कृतज्ञतापूर्वक" लिहायला मला अख्खी दुपार लागली, आणि शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मी गुलनाजला म्हटलं, आज पाठवू नको.

कार्डं देशील का? येऊन नेतो किंवा कुणाला पाठवतो. तू म्हणशील तसं.

एजाज


सोलापूर,
गुरुवार, ६ फेब्रुवारी

महेश्वर,

सोमवारचं पत्र काल तरी पोचलं असणार. वळसंग काही लांब नाही. उत्तर नाही म्हणून हे पत्र गुफरानबरोबर पाठवतोय. बहिणीचा मुलगा, आठवत असेल, आता अक्कलकोट रोडला जीप चालवतो. रोज तुझ्या जावयाच्या गिरणीसमोरून जातो म्हणाला.

पहिल्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, मी लिहिली नाही.

न्यासाच्या मेलमध्ये अशी ओळ आहे: "या नक्षीच्या निर्मितीत प्रत्यक्ष सहभाग असलेल्या सर्व व्यक्तींची नावे व त्यांचे काम कळवावे." ही ओळ त्यांनी का घातली ते उघड आहे. जुलैत आम्ही पाठवलेल्या फॉर्मवर एकच नाव होतं. माझं.

गुलनाजनं तेव्हा विचारलं होतं, महेश्वरकाकांचं नाव कुठं टाकू? फॉर्मवर "नक्षीकार" असा एकच रकाना होता. मी म्हटलं, नक्षी ग्राफवर असते, ग्राफ माझा आहे. तिनं माझं एकट्याचं नाव टाइप केलं. तिला लहानपणी तुझ्या मांडीवर बसून कार्डांतल्या भोकातून बघायची सवय होती.

आपल्या धंद्यात नाव कुणाचं लागतं? चादरीच्या कोपऱ्यात कारखान्याचं लेबल. ग्राफवाल्याचं नाव कुठंच नाही, आणि पंचिंगवाल्याचं तर ग्राफवाल्यालाही आठवत नाही, असं तूच चहा पिताना म्हणायचास. बावीस वर्षं आपण दोघं त्यावर हसलो. आणि आयुष्यात पहिल्यांदा नाव लिहायचा एक रकाना समोर आला तेव्हा मी तुझं नाव विसरलो नव्हतो. मी ते टाकलं नाही.

आता टाकतोय. नवीन मसुदा: "ग्राफ: एजाज नदाफ. कार्ड पंचिंग व माळ ओवणी: महेश्वर कलशेट्टी. मूळ अर्जात दुसरे नाव माझ्याकडून दिले गेले नाही, त्याबद्दल दिलगीर आहे." गुलनाजनं "राहून गेले" असं सुचवलं होतं. तिला वाटलं तेवढ्यानं भागेल. मी ते खोडलं.

पण तुला न विचारता तुझं नाव लिहिणं हीही एक चोरीच होईल. म्हणून विचारतो. लिहू का?

आज सहा तारीख. मला सारखे दिवस मोजायची सवय लागलीय. गुलनाज कामावरून आली की चप्पल काढायच्या आत मी विचारतो, काही आलं का. ती म्हणते, अब्बा, त्यांचं काय येणार, आपण पाठवलं तर येईल.

एजाज


सोलापूर,
रविवार, ९ फेब्रुवारी

महेश्वर,

गुफराननं येऊन सांगितलं ते आधी लिहितो. तो म्हणाला, मामू, काका गिरणीवरच होते. पाकीट घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि काट्याशेजारी लोखंडी मापाखाली ठेवलं. तिथं आधीचं एक होतं. तेही न फोडलेलंच. मी विचारलं, तोंडानं काही बोलले? तर म्हणाला, बोलले की. म्हणाले, जीप हळू चालव.

म्हणजे ही पत्रं मी मापाखालच्या जागेला लिहितोय. तरी लिहितो.

काल मी वळसंगला आलो होतो. सांगणार नव्हतो. सकाळची एस.टी. धरली, स्टँडवर उतरलो, गिरणीसमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. समोरासमोर सगळं सांगून टाकायचं ठरवून निघालो होतो. येताना वाक्यं पाठ करत होतो. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, काय म्हणता हो, मंत्र का? मी म्हटलं, व्हय.

तू मला बघितलं नाहीस. मी तुला बघितलं. एक बाई दळण घेऊन आली, तिनं तुझ्या हातात चिठ्ठी दिली. तू ती डोळ्यांसमोर धरलीही नाहीस. आतल्या बाजूला वळून हाक मारलीस, रुद्राणी, जरा हे वाच गं. तुझी मुलगी पिठाचे हात पुसत आली आणि चिठ्ठी वाचून गेली. मग काट्यावर डबा ठेवलास आणि पुन्हा तिलाच विचारलंस, किती भरलं?

चहा संपला होता. मी दुसरा मागवला. तोही संपला. तेवढ्यात सोलापूरची गाडी लागली आणि मी उठून तिच्यात बसलो.

महेश्वर, तुला खरंच दिसत नाही का? हे एवढं तरी कळव. बाकी कशाचंच उत्तर देऊ नकोस. शिवलीलावहिनींना सांग, त्या गुफरानला सांगतील. गड्ड्याच्या जत्रेत जानेवारीत तू होम मैदानावर दिसला होतास. भरदिवसा, मोकळ्या मैदानात शिवलीलावहिनींचा खांदा धरून चालला होतास. मला वाटलं, वय झालं. मी मनाला तसं समजावलं.

घरी आल्यापासून ग्राफचं कपाट उघडतोय आणि पुन्हा लावतोय. शबानानं दोनदा विचारलं, तब्येत बरी नाही का. तिला काय सांगणार. तीन वर्षांत तिलाही सांगितलेलं नाही.

आता न्यासाच्या मेलमधली तिसरी गोष्ट. तीही मी तुझ्यापासून लपवली. त्यांना फक्त कार्डं नकोत. मूळ ग्राफही हवाय. तो ते काचेखाली मांडणार आहेत, कार्डांच्या शेजारी, लोकांना ओळ न् ओळ ताडून बघता यावी म्हणून. समारंभाला इचलकरंजीचे, मालेगावचे, भिवंडीचे लोक येतील. ग्राफ वाचता येणारी माणसं येतील.

गुलनाज म्हणाली, ग्राफ तर आपल्याच कपाटात आहे, त्यात काय अडचण? मी म्हटलं, बघतो. मसुद्यात एक वाक्य घातलं: "मूळ ग्राफ जीर्ण झाल्याने त्याची स्वच्छ प्रत करून देतो." ते वाक्य अजून तिथंच आहे. ते खोटं आहे. ग्राफ जीर्ण झालेला नाही.

पुढचं मंगळवारी लिहितो. मध्ये एक दिवस मला लागेल, एके ठिकाणी जाऊन यायचं आहे.

एजाज


सोलापूर,
मंगळवार, ११ फेब्रुवारी

महेश्वर,

हे पत्र गुफरान तुझ्या हातात देईल आणि तू फोडेपर्यंत उभा राहील. फोडलं नाहीस तर मी स्वतः येऊन तुला वाचून दाखवीन, लोक जमले तरी. या वेळी टपरीवर बसणार नाही.

तुझी नजर गेलेली नाही. निदान त्या दिवशी गेली नव्हती. तू आठ कार्डं दोनदा मारली नव्हतीस. तू माझा ग्राफ बरोबर वाचलास. चूक ग्राफमध्ये होती.

कशी झाली ते सांगतो. माळढोकाचा ग्राफ दोन कागदांवर होता. पहिल्या कागदाच्या ३२० ओळी, मग दुसरा कागद. जोडाला अंदाज राहावा म्हणून मी नेहमी पहिल्या कागदाचा शेवटचा आठ ओळींचा पट्टा दुसऱ्या कागदावर पुन्हा काढून घ्यायचो आणि चिकटवताना तो कापून टाकायचो. तुला माहीत आहे, तू कितीदा ते कपटे कान कोरायला वापरलेस. त्या वेळी कापायचं राहिलं. ऑर्डरची घाई होती, मालक जिन्यात उभे होते, मी पट्टा न कापताच दुसरा कागद खाली चिकटवला, आणि मार्जिनमधले आकडे सरळ पुढे घालत गेलो. ६४० ऐवजी ६४८ ओळी झाल्या. तू समोर होतं ते पंच केलंस. माळढोकाच्या मानेत, नेमकी तीच आठ ओळींची नक्षी दोनदा आली.

नमुना काढला नव्हता, आणि मागावर कापड उलट्या बाजूनं विणलं जात होतं, म्हणून साठ नग उतरून सुलटे करेपर्यंत कुणाला कळलं नाही. मान मोडलेले साठ माळढोक.

मालकांनी आपल्याला दोघांना बोलावलं तेव्हा तू म्हणालास, ग्राफ आणि कार्डं शेजारी ठेवून ताडून बघू. बरोबर तेच म्हणालास. मी म्हटलं, ग्राफ घरी आहे, सकाळी आणतो. तो घरी नव्हता. टेबलाच्या खणात होता. संध्याकाळी तू गेल्यावर मी तो काढला, आणि पट्टा बघितला. मग मी तो पट्टा कापला. कागद वर सरकवून पुन्हा चिकटवला. ३२१ पासून पुढचे सगळे आकडे ब्लेडनं खरवडून नवे घातले. ते काम मी इतकं सफाईनं केलं की आज बघताना स्वतःचीच किळस येते. तरी कागद तिरपा धरला तर खरवडलेलं दिसतं. म्हणून मला तो काचेखाली जायला नको होता.

सकाळी मी सगळ्यांसमोर ग्राफ उलगडला आणि म्हटलं, मोजा, ६४० आहेत. पंचिंगला आठ कार्डं दोनदा मारली गेलीत.

तू भांडशील असं मला वाटलं होतं. तू भांडला असतास तर कदाचित मी बोललोही असतो. तू चष्मा काढलास, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातलास आणि ग्राफकडे बघत म्हणालास, "एजाजचा ग्राफ बरोबर हाय. माझीच नजर गेली असंल."

ते वाक्य मी तीन वर्षं कानात घेऊन फिरतोय. सगळ्या बाजारात झालं की कलशेट्टीची नजर गेली. तू पंचिंगचं मशीन विकलंस, गावी गेलास. मी राहिलो. त्या महिन्यात मालक कॉम्प्युटरवर ग्राफ करणारा माणूस बघत होते, आणि माझी एक चूक त्यांना पुरली असती. हे कारण आहे. ते पुरेसं आहे असं मी म्हणत नाही.

काल मालकांकडे जाऊन आलो. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, नदाफ, आता कशाला उकरून काढताय? कलशेट्टी गेले गावाला, तुम्हाला बक्षीस मिळालंय, घ्या की. मी म्हटलं, तुम्ही फक्त एवढं करा, कुणी विचारलं तर खरं सांगा. ते म्हणाले, कोण विचारणार?

शबानाला घरी येऊन सांगितलं. ती भांडी घासत होती. तिनं नळ बंद केला आणि म्हणाली, महेश्वरभाऊ गेल्या ईदला आले नाहीत तर तुम्ही म्हणालात, त्यांना मान लागतो. आणि पुन्हा नळ सोडला. काल दुपारपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

खोटं वाक्य मसुद्यातून काढलंय. दुसरं काय घालायचं ते ठरत नाहीये. नुसता नकार कळवून टाकावा असंही वाटतं, "वैयक्तिक कारणामुळे पुरस्कार स्वीकारू शकत नाही" एवढंच. पण मग हे पुन्हा झाकलं जाईल, आणि तुझं नाव जसं आहे तसंच राहील. तू सांगशील ते करतो. शुक्रवारी पाचपर्यंत.

काहीच कळवलं नाहीस तर मी स्वीकारायचं पत्र पाठवून त्यात हे सगळं लिहिणार आहे. मग त्यांनी बक्षीस काढून घेतलं तरी चालेल. मी हे आत्ता लिहितोय खरा, पण शुक्रवारी चार वाजता माझ्यात एवढी हिंमत असेल का याची खात्री नाही. म्हणून तुला लिहून ठेवतोय, म्हणजे मागं फिरता येणार नाही.

एजाज


वळसंग,
गुरुवार, १३ फेब्रुवारी

एजाज,

तुझी चारी पत्रं वाचली. आधी चौथं, मग पहिली तीन. तुझा भाचा जीप चालू ठेवून दारात उभा होता, आतले पाशिंजर शिव्या द्यायला लागले, म्हणून फोडलं. शिवलीला म्हणाली, वाचून दाखवू का. मी म्हटलं, थांब. मीच वाचलं. सगळं वाचता आलं. तुझं बारीक अक्षर बी.

मशीन विकलं ते तुला म्हाईत हाय. बाकीचं म्हाईत न्हाई, ते सांगतो. मोटारसायकल सोडली. जावयानं गिरणी चालवायला दिली तर काट्याचा आकडा मी वाचत न्हाई, रुद्राणीला इचारतो, कुणाच्या दळणात आपल्यामुळं कमीजास्त नको. नात शाळेला जाती, मधी हमरस्ता हाय, मी तिला कधी पलीकडं नेलं न्हाई. गाडी लांब हाय का जवळ हाय ते आपल्याला कळंल का, हा भरवसा न्हाई. अक्कलकोटला डोळ्याच्या डॉक्टरकडं दोनदा गेलो. दोन्ही वेळा म्हणाला, काका, डोळे चांगले हायत, चष्म्याचा नंबर बी वाढला न्हाई. मी म्हटलं, तुला काय कळतंय. डोळे चांगले हायत तर मग आठ कार्डं दोनदा कुणी मारली?

डॉक्टरवर इश्वास ठेवला न्हाई. तुझ्यावर ठेवला.

ती आठ कार्डं माझ्यापाशी हायत. दोनतीन महिन्यांतनं एकदा काढून बघायचो. कुठल्या कार्डाला चुकलो असंल, चहा प्यायला उठलो असंल का, कुणी हाक मारली असंल का. एका वर्षी मला आठवलंच की मी उठलो होतो. पक्कं आठवलं. आता तू म्हणतोस तसं काय न्हवतंच. मग ते मला कसं आठवलं रे?

शिवलीला म्हणतीय, लिवा की माफ केलं, म्हातारा झालाय त्यो बी. मी लिवत न्हाई. खोटं कशाला. आज सकाळी नातीला शाळेत सोडून आलो. येताना रस्त्याच्या कडंला बसून राहिलो, लई वेळ. कुणाला दाखवायचं न्हवतं. तेवढं झालंय, पुढचं अजून झालं न्हाई.

आता बक्षिसाचं. नकार द्यायचा न्हाई. माळढोक चांगला होता. आठ कार्डं काढून ती मान दुरुस्त झाल्यावर मी मागासमोर उभा राहून बघितली होती.

माझं नाव घाल. कार्डं पाठवत न्हाई, मी घेऊन येणार. सहाशे चाळीस माळेत, अन् आठ वेगळी. ती आठ वेगळी मांडा म्हणावं, त्याखाली काय झालं ते लिवा म्हणावं. ग्राफ खरवडलेला हाय तसाच द्यायचा. प्रत करायची न्हाई.

तुझ्या गाडीतनं येणार न्हाई. तुझ्या खोलीत राहणार न्हाई. समारंभात शेजारी बसवलं तर बसंन, त्याला विलाज न्हाई. जायच्या-यायच्या अन् राहायच्या सोयीचं त्यांना रीतसर इचार. तोंडी नको, मेलमधी.

महेश्वर


प्रति: मा. सचिव, वस्त्रनक्षी न्यास, पुणे
प्रेषक: एजाज नदाफ, सोलापूर
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५, दुपारी ४.२०
विषय: पुरस्काराचा स्वीकार व काही माहितीबाबत विनंती

महोदय,

सविनय नमस्कार.

"माळढोक" या वॉल हँगिंगच्या नक्षीसाठी आपण जाहीर केलेला पुरस्कार आम्ही दोघे कृतज्ञतापूर्वक स्वीकारत आहोत. ग्राफ एजाज नदाफ यांचा असून कार्ड पंचिंग व माळ ओवणी महेश्वर कलशेट्टी यांची आहे. मूळ अर्जात श्री. कलशेट्टी यांचे नाव मी जाणूनबुजून दिले नव्हते. ती चूक माझी आहे.

आपण मागितलेला मूळ ग्राफ मी आहे त्या स्थितीत देत आहे. त्याच्या मधल्या जोडापासून पुढचे आकडे खरवडून बदललेले आपणास दिसतील. २०२१ मध्ये या ग्राफमध्ये माझ्या हातून आठ ओळी दोनदा आल्या होत्या. मी ती चूक झाकली आणि तिचा दोष श्री. कलशेट्टी यांच्यावर ठेवला. त्यांनी पंच केलेली कार्डे पूर्णपणे अचूक होती. सहाशे चाळीस कार्डांची माळ ते स्वतः आणणार आहेत, शिवाय ती आठ जादा कार्डेही. ती वेगळी मांडावीत व वरील मजकूर त्यांच्याखाली लिहावा, अशी आम्हा दोघांची विनंती आहे. हे वाचून आपणास पुरस्काराचा फेरविचार करावासा वाटल्यास तो माझ्या नावापुरता करावा.

पुढील गोष्टी कृपया कळवाव्यात. समारंभाचे ठिकाण व वेळ. रमजान असल्याने कार्यक्रम सूर्यास्तापूर्वी संपेल का. कार्डांची माळ टांगण्यासाठी साधारण दहा फूट उंच चौकट मिळेल का. ती जमिनीवर पसरू नये, असे श्री. कलशेट्टी यांचे म्हणणे आहे.

श्री. कलशेट्टी वळसंगहून व मी सोलापूरहून, असे आम्ही वेगवेगळे येणार आहोत, त्यामुळे प्रवासाची व्यवस्था स्वतंत्र असावी. मुक्कामासाठी आम्हाला दोन वेगळ्या खोल्या लागतील. त्या शक्य असल्यास एकाच मजल्यावर असाव्यात. ही शेवटची विनंती माझी एकट्याची आहे. ती मान्य होत नसल्यास हरकत नाही.

आपले नम्र,
एजाज नदाफ (ग्राफ)
महेश्वर कलशेट्टी (पंचिंग)